डावा कान, उजवा कान

आवाजाने बिघडलेले कान सहसा जोडीने बिघडतात. गिरणीत, कोळशाच्या खाणीत, प्रेसवर माणूस वर्षानुवर्षे उभा राहतो तेव्हा आवाज चहूबाजूंनी येतो. दोन्ही कानांचे आलेख एकमेकांवर ठेवले तर एकाने दुसरा जवळजवळ झाकला जातो. त्यामुळे एक कान दुसऱ्यापेक्षा बराच वाईट निघाला की आम्ही ऑडिओलॉजिस्ट थबकतो. पहिली शंका श्रवणाच्या नसेवरच्या गाठीची, म्हणून एमआरआय. दुसरी शंका सभ्य नाही, पण भरपाईचा कागद सोबत असेल तर येतेच: हा माणूस सोंग तर करत नाही? या दोन्ही फिटल्या की तिसरा प्रश्न उरतो. आवाज कोणत्या बाजूने आला?

माझी खोली धंतोलीत आहे. नागपूर ओळखणाऱ्यांना एवढं पुरे. या भागात दवाखाने मोजण्यापेक्षा दवाखाना नसलेली घरं मोजणं सोपं. माझ्याकडे खाणीतले येतात, ऑर्डनन्स फॅक्टरीतले येतात, पूर्वी इथल्या कापडगिरण्यांत लूमवर उभे राहिलेले म्हातारे येतात. कामठीचे निवृत्त फौजी येतात, वायुसेनानगरचे येतात. हल्ली डीजे वाजवणारी पोरंही येतात, वय बावीस आणि कान पन्नाशीचे. मारबतीच्या मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीला पाठ लावून नाचतात आणि दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजते म्हणून घाबरून फोन करतात. शिट्टी थांबली की फोनही थांबतात.

नौदलातला माणूस मात्र क्वचित. साहजिक आहे. झीरो माइलच्या खांबाशी उभं राहिलं तर कुठलाही समुद्र लांबच.

गेल्या हिवाळ्यात एक काकाजी आले. ऐंशीच्या पुढचे, ताठ, दाढी गुळगुळीत, शर्टाच्या बाह्या बटणापर्यंत. सोबत सून आणि पुतण्या. सुनेची तक्रार नेहमीची होती: टीव्ही शेजारच्या घरात ऐकू जातो, हाक मारली तर ओ नाही, "पण मामाजींना त्यांच्या मतलबाचं बरोबर ऐकू येतं." हे वाक्य माझ्या खोलीत इतक्यांदा बोललं गेलंय की एकदा ते फ्रेम करून लावावं आणि खाली खुलासा लिहावा. मतलबाचं नाही हो, खालच्या पट्टीचं ऐकू येतं. आवाजाने कान जातो तेव्हा आधी वरच्या पट्टीचा जातो. स्वर शाबूत राहतात आणि स, श, फ, थ, ख गळून पडतात. माणसाला कोणी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. 'सात', 'हात' आणि 'खात' एकच होतात. घरचे म्हणतात, मुद्दाम करतो.

पुतण्याची तक्रार नव्हती, मागणी होती. त्याच्या हातात प्लास्टिकची फाइल. काकाजी नौदलात तोफेवर होते, कान तोफेने गेले, अपंगत्वाच्या पेन्शनचा दावा करायचा आहे. "मॅडम, तुम्ही फक्त लिहून द्या ना, की तोफेमुळे झालं." कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून ते आले होते, मळ काढलेला, पडदे स्वच्छ, एमआरआय झालेला, गाठ नाही. म्हणजे पहिली शंका फिटलेली होती. दुसरी माझ्या डोक्यात फाइल पाहिल्याबरोबर आली, हे कबूल करायला मला लाज नाही. ती येणं माझ्या कामाचा भाग आहे.

चाचणी घेणं म्हणजे मशीनचं बटण दाबणं, असं मशीन विकणाऱ्यांनाही वाटतं. 'मोफत कान तपासणी शिबिर' लावून भरबाजारात, पंख्याखाली, दहा मिनिटांत आलेख काढून हातात देणारे पाहिले की माझा रक्तदाब वाढतो. मंडपात कुलरच्या आवाजात खालच्या पट्टीतलं काही मोजताच येत नाही. माझ्या बंद खोलीतसुद्धा वर्धा रोडकडची घरघर अडीचशे हर्ट्झला डोकावते, तर भर उन्हाळ्यात मी दुपारची वेळ देणंच बंद केलंय. रुग्णाला मी आडवं तोंड करून बसवते, कारण म्हातारी माणसं माझा हात पाहून बटण दाबतात. आवाज कधीही ठेक्यात द्यायचा नाही. ठेका लागला की माणूस अंदाजाने दाबत सुटतो. ऐकू आला की दहा डेसिबलने उतरायचं, नाही आला की पाचने चढायचं, आणि चढताना ज्या पातळीवर पुन्हापुन्हा उत्तर येतं तो उंबरठा. उजवा कान लाल, डावा निळा. मध्येच आवाज न देता थांबायचं आणि बटण दाबलं जातं का पाहायचं. सोंग घेणारा इथे सापडतो, कारण त्याला उंबरठा लक्षात ठेवावा लागतो आणि तो राहत नाही. एका फेरीत साठ, दुसरीत ऐंशी.

काकाजींनी मला लाजवलं. तीन वेळा मागे जाऊन मोजलं तरी आकडा पाच डेसिबलच्या बाहेर हलला नाही. आवाज सुरू झाला की बोट खाली, संपला की बोट वर. मधल्या शांततेत एकदाही बटण दाबलं नाही. एवढी शिस्त मी फक्त तबलजींमध्ये पाहिली आहे.

आलेख असा आला; यात डेसिबलचा आकडा जितका मोठा तितका कान वाईट. खालच्या पट्टीत दोन्ही कान वयाच्या मानाने बरे, तीस-पस्तीसच्या आसपास. मग दोघांची वाट फुटते. चार हजार हर्ट्झला डावा पासष्टवर, उजवा नव्वदवर. कानामागच्या हाडातून आवाज थेट आत देऊन मोजलं तेव्हाही तेच, म्हणजे दोष आतल्या कानाचा. चार हजार ही आवाजाच्या माराची जुनी खूण आहे. कानाच्या नळीची रचनाच अशी की तीन हजारच्या आसपासचा आवाज आपोआप मोठा होऊन आत जातो, आणि त्याच्या जरा वरच्या पट्टीच्या केसपेशी, म्हणजे आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या पेशी, आधी मरतात. त्या पुन्हा उगवत नाहीत. तरुणपणी चार हजारला खड्डा दिसतो आणि आठ हजारला आलेख पुन्हा वर येतो. म्हातारपणी वयाचा बहिरेपणा आठ हजारकडून खाली ओढतो आणि खड्ड्याचा उतार होऊन जातो. काकाजींच्या उजव्या कानात मात्र आठ हजार पंच्याऐंशीवर होतं, चार हजारपेक्षा जरासं बरं. खड्ड्याची कड अजून शिल्लक होती.

पंचवीस डेसिबलचा फरक. मी दार उघडून आत गेले, त्यांच्या समोर बसले, ओठ दिसतील असं, सावकाश विचारलं, "काकाजी, आवाज उजव्या बाजूने यायचा का?"

ते हसले. "तुले कसं कळलं?"

मग त्यांनी हाताने दाखवलं. तोफेच्या तुकडीत ते गोळे भरणारे नव्हते, नेम धरणारेही नव्हते. ते फोनवर होते. जहाजावर वरून हुकूम यायचा तो त्यांच्या डोक्यावरच्या फोनमध्ये, आणि तो ओरडून तोफेच्या प्रमुखाला सांगायचा, प्रमुखाचं उत्तर परत वर पाठवायचं. या फोनला वीज लागत नाही. बोलणाऱ्याच्या आवाजाच्या जोरावरच तारेतून प्रवाह जातो, म्हणून जहाजाची वीज गेली तरी तो चालतो. दोन्ही कान झाकले तर प्रमुखाचं ऐकू येत नाही. म्हणून डावा कान फोनखाली आणि उजवी वाटी कानामागे सरकवलेली. "सगळे पोट्टे असंच करत. तसा नियम नव्हता, पन करत." कापूस मिळायचा का विचारलं तर म्हणाले, मिळायचा, पण कापूस घातलेला फोनवाला काय कामाचा?

म्हणजे साठ वर्षांपूर्वी रबराची एक वाटी जिथे होती आणि जिथे नव्हती, ते माझ्या कागदावर लाल-निळ्यात उतरलं होतं. मला त्या क्षणी फार बरं वाटलं, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या कामात असे दिवस कमी. बहुतेक दिवस बॅटरी उलटी घालणाऱ्यांना ती सुलटी घालून देण्यात जातात.

काटोलकडच्या एका गावातून, संत्र्याच्या बागा सोडून, सोळाव्या वर्षी ते नौदलात 'बॉय' म्हणून गेले. शिक्षण विशाखापट्टणमला. "पह्यल्यांदा समुद्र पाह्यला तं वाटलं, एवढं पानी हाय तं आमच्या विहिरीत काऊन नाही?" एकोणीस वर्षांचे असताना 1961 चा डिसेंबर आला.

गोव्याची गोष्ट आपल्याला सैन्याची म्हणून माहीत असते. समुद्रावरची फार कोणाला ठाऊक नाही. मलाही नव्हती, त्या संध्याकाळी घरी जाऊन वाचली. कारवारजवळ अंजदीव नावाचं छोटं बेट आहे, दीडेक चौरस किलोमीटरचं. वास्को द गामाची जहाजं 1498 मध्ये तिथे टेकली होती, पुढे पोर्तुगिजांनी 1505 मध्ये तिथे किल्ला बांधायला घेतला. गोवा, दमण, दीवसोबत हे बेटही त्यांच्याकडेच राहिलं. नोव्हेंबर 1961 मध्ये त्या बेटावरून 'साबरमती' या आपल्या प्रवासी बोटीवर गोळीबार झाला आणि प्रकरण पेटलं. 18 डिसेंबरला, जमिनीवर फौजा गोव्यात शिरल्या त्याच दिवशी, अंजदीववर उतरायचं काम नौदलाकडे आलं. 'म्हैसूर' ही क्रूझर आणि 'त्रिशूल' ही फ्रिगेट तिथे होत्या. काकाजी त्यांपैकी एकीवर होते. कोणत्या, ते मी इथे लिहीत नाही.

आपल्या नौदलाकडे किनाऱ्यावर उतरणारी वेगळी फौज नव्हती. उतरले ते खलाशीच. काल जे डेक धूत होते, ज्यांच्यासोबत जेवले, ते रायफली घेऊन बोटींत बसले. पहिली तुकडी किनाऱ्याला लागली. नौदलाच्या इतिहासात लिहिलंय की बेटावर पांढरं निशाण दिसलं होतं, आणि मागच्या तुकडीची बोट जवळ येताच मशीनगन सुरू झाल्या. सात जण गेले, कितीतरी जखमी झाले. मग जहाजांनी पुन्हा मारा केला आणि दुसऱ्या दिवशी बेट हाती आलं. 19 डिसेंबरला गोव्यातही शरणागती झाली, आणि देशभर मिठाई वाटली गेली. गोव्यात आयएनएस गोमंतकमध्ये त्या सात जणांचं स्मारक आहे.

हे सगळं मी वाचलेलं. काकाजींनी सांगितलं ते वेगळं होतं आणि थोडं होतं.

"जहाजाची तोफ लय मोठी वाटते दुरून," ते म्हणाले. "पन आपले लोक किनाऱ्यावर लागले ना, की तिचे हात बांधले जाते. गोया सरळ जाते जी. टेकडीच्या मांगं कोन बसलं त्याले लागत नाही. अन् आपलेच पोट्टे पुढं असले तं मारू कुठं?" हे मला आधी सुचलं नव्हतं. मला वाटायचं, जहाज पाठीशी आहे म्हणजे सतत धडाडतंय. खरं तर बोटी जवळ जायच्या वेळी तोफांनी थांबायचं असतं, आणि नेमकं तेव्हाच खालच्यांना त्यांची सगळ्यात जास्त गरज असते. हुकूम 'चेक, चेक, चेक' असा यायचा, म्हणजे थांबा. तो काकाजींनीच ओरडून दिला होता. त्याआधी तोफ बराच वेळ चाललेली. चाळीस मिलिमीटरची बोफोर्स, उघड्यावरची, चार-चार गोळ्यांची क्लिप. तिची एक नळी मिनिटाला शंभरावर गोळे टाकू शकते. प्रत्यक्षात तेवढे टाकले नाहीत तरी शेजारी उभं राहणाऱ्याच्या कानाला तेवढा हिशेब कळत नाही.

मग थांबले. मग किनाऱ्यावर गडबड दिसली.

"बाजूची तोफ सुरू झाली," काकाजी म्हणाले. "आमची नाही. मी फोन धरून उभा. मले काई ऐकू नाही आलं. मंग प्रमुखानं पाठीत बुक्की मारली, अन् वरून कोनीतरी हातवारे करत होतं, मंग आम्ही सुरू केलं. अर्धा मिनिट असन. कमी असन. कोनी काई बोललं नाही नंतर. कोनाच्या ध्यानातही नसन." ते थांबले. सून बाहेर बसली होती, पुतण्या फोनवर. "बाई, मले पेन्शन नको. ह्याले पायजे. मले एवढंच सांग, तू कानाची हाय. हुकूम आला होता अन् मले ऐकू नाही आला, असं होऊ शकते का? का आलाच नव्हता?"

अशा प्रश्नासाठी आमच्या अर्जात रकाना नाही.

उत्तर एका अर्थी सोपं होतं. होऊ शकतं. मोठ्या आवाजानंतर कान तात्पुरता बधिर होतो. उंबरठा वीस, तीस, कधी त्याहून जास्त डेसिबलने वर जातो, आणि काही तासांत, कधी एक-दोन दिवसांत खाली येतो. डीजेवाल्या पोरांना हेच होतं. एकशे चाळीस डेसिबलच्या वरचा नुसता एक धमाका कायमची इजा करायला पुरतो, आणि तोफा त्याच्या वरच असतात. त्यात विजेविना चालणारा फोन; त्यात आवाज वाढवणारं काही नाही, पलीकडचा माणूस जितका ओरडेल तितकंच. हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते माझ्या ओठांवरून आणि अर्धंमुर्धं कानाने कळलं. मान हलवली.

पण सांगता सांगता माझ्या समोर तोच कागद होता, ज्याचा मला अर्ध्या तासापूर्वी अभिमान वाटला होता. हुकूम कोणत्या कानात यायचा? डाव्या. फोनखालच्या. आणि डावा कान तर वाचलेला. रबराच्या त्या वाटीने चार हजारला पंचवीस डेसिबलचा मार अडवला होता. तसं तर त्या दिवशीची बधिरताही तिने अडवली असणार. उजव्या कानाला प्रमुखाचं ओरडणं ऐकू येणं कठीण होतं, पण डाव्याला फोन ऐकू येणं शक्य होतं. मग दोनच गोष्टी राहतात. एक, हुकूम त्या तारेवर आलाच नाही. बाजूच्या तोफेला दुसऱ्या तारेवर आला, किंवा तिच्या प्रमुखाने स्वतःच ठरवलं. दोन, हुकूम आला, कानाने ऐकला आणि एकोणीस वर्षांचा पोरगा, समोर आपले लोक पडताना पाहत, जागच्या जागी थिजला. बहिरेपणाची सबब, जी त्यांच्यासाठी सगळ्यात सुसह्य ठरली असती, तीच माझा आलेख सगळ्यात कमी उचलून धरत होता.

हे मी त्यांना त्या दिवशी सांगितलं नाही. मला ते लपवणं वाटत नाही. आलेख आजचा आहे. त्याच्यात नौदलाची दहा वर्षं आहेत, त्यानंतर एका कापडगिरणीतली लूमवरची वीसेक वर्षं आहेत, मधुमेह आहे, वय आहे. गिरणीने दोन्ही कान सारखे खाल्ले, म्हणून डाव्या कानाचा आजचा पासष्ट हा आकडा त्या सकाळचं काहीच बोलत नाही. किती गेलं ते ऑडिओग्राम, म्हणजे हा आलेख, सांगतो. कधी गेलं, ते त्याला विचारायचं नसतं. हे मी शिकाऊ मुलींना दरवर्षी शिकवते. पण शिकवणं वेगळं आणि ज्याच्या कपाळावर घामाचा थेंब आहे अशा म्हाताऱ्याने डोळ्यांत पाहून विचारणं वेगळं.

पुतण्याचं पत्र राहिलं होतं. फाइलमध्ये 1968 चा निवृत्तीच्या वेळचा वैद्यकीय कागद होता, पिवळा, घडीवर फाटलेला. दोन्ही कान नॉर्मल. कसे मोजले? कुजबुज करून. फौजेत कान तपासायची ही जुनी रीत: डॉक्टर वीस फुटांवर उभा राहतो, पेशंट पाठ करून, एक कान बंद, आणि डॉक्टर कुजबुजल्यासारखं बोलतो. शब्द परत म्हटला की कान उत्तम. आज कागदावर '610 सेंटीमीटर' असा विचित्र आकडा दिसतो तो त्या वीस फुटांचाच हिशेब. मला या चाचणीचा जुना राग आहे. चार हजारला खड्डा पडलेला माणूस तिच्यात सहज पास होतो, कारण खालच्या पट्टीचे स्वर त्याला ऐकू येतात आणि बाकीचं तो अंदाजाने भरतो. त्यात कुजबुजणाऱ्या डॉक्टरचा आवाज किती मोठा होता ते कोणी मोजलेलं नसतं. शेवटच्या दिवशी तर पेशंटलाही पास व्हायचं असतं. घरी जायची गाडी पकडायची असते. एका सहीने त्याचा कान कायमचा निरोगी ठरतो, आणि साठ वर्षांनी त्या सहीशी भांडायला माझ्यासारखीला बसवतात.

मी लिहिलं ते असं: दोन्ही कानांत आतल्या कानाचा बहिरेपणा, उजव्यात जास्त; चित्र दीर्घकाळ आणि तीव्र आवाजाच्या माऱ्याशी जुळणारं; दोन कानांतला फरक रुग्णाने सांगितलेल्या कामाच्या पद्धतीशी सुसंगत; नौदल, गिरणी आणि वय यांचा वाटा वेगळा करता येत नाही. पुतण्याने वाचलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे काढता नाही येणार?" नाही येणार. तो म्हणाला, दुसरीकडे लिहून मिळते. मिळत असेल. अशी पत्रं मी पाहिली आहेत, एकाच साच्यातली, रुग्णाचं नाव बदललेलं. मेडिकल बोर्ड ती एका नजरेत बाजूला ठेवतं आणि खऱ्यांचंही त्यात नुकसान होतं. तो चिडून गेला, पण पत्र घेऊन गेला.

श्रवणयंत्र दोन्ही कानांना लावायचं ठरलं. सून खर्चाला तयार होती. मोबाइलवर सवलती शोधून आली होती, तिच्याशी घासाघीस करणं सोपं नव्हतं. मी कानामागे बसणारं, बारीक तारेचं निवडलं, बॅटरीचा कप्पा नखाने उघडता येईल असं. नागपूरच्या मे महिन्यात घामाने यंत्रं मरतात म्हणून सुकवायची डबी घेतल्याशिवाय मी कोणाला सोडत नाही. न दिसणारं छोटं हवं म्हणणाऱ्यांना मी एकच विचारते, चष्मा लपवता का?

पहिल्यांदा यंत्र चालू केलं की बहुतेक म्हातारे दचकतात, कागद चुरगळल्याचा आवाज त्यांना फटाक्यासारखा लागतो. काकाजी दचकले नाहीत. त्यांनी सुनेकडे पाहून विचारलं, "तुझा आवाज असा हाय?" आणि ती बिचारी रडायला लागली. माझ्या खोलीत रडणं रोजचं आहे, टिश्यूचा डबा संपला की बाहेरून मागवते. काकाजींचं लक्ष मात्र दुसरीकडे होतं. कानात सतत वाजणारी शिट्टी, जी त्यांनी कधी तक्रार म्हणून सांगितलीच नव्हती, ती कमी झाली होती. बाहेरचे आवाज आत आले की ती अनेकांची मागे पडते. "हे काऊन बंद झालं?" त्यांनी जरा नाराजीनेच विचारलं. कधीपासून वाजते, विचारलं. म्हणाले, ध्यानात नाही, पहिलेपासूनच.

दोन आठवड्यांनी ते यंत्राची पट्टी जुळवून घ्यायला आले. या वेळी सून त्यांना सोडून बाजारात गेली होती. मी लॅपटॉपला यंत्र जोडलं, वरच्या पट्टीला थोडं उचललं. डावा आधी केला, कारण डाव्यात बोलणं जास्त चांगलं समजतं. उजव्यात कितीही वाढवलं तरी शब्द साफ होत नाहीत, मेलेल्या पेशींना मोठा आवाज दिला तरी त्या काय ऐकणार. शब्दांची यादी म्हटली. डाव्याने वीसपैकी सोळा पकडले, उजव्याने सात.

त्यांनी स्वतःच आकडे विचारले. मी सांगितले.

"म्हंजे डावा बरा हाय."

"बरा आहे, काकाजी."

"अन् फोन डाव्यात होता."

मी काही बोलायच्या आत त्यांनी पुढचं म्हटलं. "मंग मले ऐकू आलंच असन."

मी बोलले, आणि भराभरा बोलले. सांगितलं की डावाही त्या वेळी बधिर असू शकतो, वाटी रबराची असते, भिंत नसते. कवटीतूनही आवाज जातो. बाजूची तोफ सुरू असताना तारेतलं बोलणं तिच्या आवाजाखाली दबतं, त्याला बधिरता लागतच नाही, नुसता गोंगाट पुरतो. वर बोलणारा वाऱ्यात असेल, तोंड फोनपासून लांब असेल. त्याने आधी दुसऱ्या तोफेला सांगितलं असेल. यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे आणि कुठल्याही परीक्षेत मी ती लिहीन. त्यांनी सगळं ऐकलं, नव्या यंत्राने, एकदाही 'काय?' न म्हणता.

"तू वकील व्हायला पायजे होती," ते म्हणाले.

मी म्हटलं, मी खरंच सांगतेय.

"हाव जी. मी कुठं म्हनतो खोटं. पन तू एवढं सांगून राहिली ना, त्याच्यात 'थिजला' हे एक नाही सांगतलं." त्यांनी डाव्या कानामागचं यंत्र बोटाने चाचपलं, नीट बसलंय का पाहिलं. मग सून येईपर्यंत आम्ही बॅटरीवर बोललो. स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबायचं, हवा लागू द्यायची, मगच घालायची. त्यांना ते एकदाच सांगावं लागलं.

दावा अजून कुठल्यातरी टेबलावर आहे. पुतण्याचा महिन्याकाठी फोन येतो, पत्रातली ती ओळ बदलता येईल का म्हणून. उन्हाळ्यानंतर काकाजींची पुढची तपासणी आहे. तेव्हा त्यांनी पुन्हा विचारलं तर काय सांगायचं, हे मी सहकाऱ्यांना विचारून पाहिलं. एकजण म्हणाली, सांगून टाक ऐकू आलं नसतं, म्हातारा सुखाने राहील. दुसरा म्हणाला, हा आपला विषय नाही, समुपदेशकाकडे पाठव. पहिलीचं मला पटत नाही, कारण ज्या माणसाने एकदाही उगाच बटण दाबलं नाही त्याला खोटं उत्तर ओळखू येईल. दुसऱ्याचं पटतं, पण काकाजी जाणार नाहीत. ते कानाचं विचारायला कानाच्या माणसाकडे आले होते.